वाटी सांगलीत, काटा इथं

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरात आई आणि पुतणीची शंकरपाळ्यांवरून जुंपली. पुतणी घरूनच केक आणि कुकीज करून विकते. तिच्या ओट्यावर डिजिटल काटा असतो आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नाही. या वर्षी आजीची शंकरपाळी पण विकायला ठेवू, असं तिच्या मनात आलं म्हणून ती वही घेऊन बसली.

"आजी, तूप किती?"

"एक वाटी."

"साखर?"

"एक वाटी."

"दूध?"

"एक वाटीच की."

"आणि मैदा?"

"मावेल तेवढा."

पुतणीनं पेन खाली ठेवलं. "मावेल तेवढा म्हणजे किती ग्रॅम?"

"ते मैद्याला विचार," आई म्हणाली.

मी हे सगळं स्टुटगार्टमधल्या आमच्या स्वयंपाकघरातून, फोन मिठाच्या बरणीला टेकवून बघत होतो. दोघींनी एकदमच माझ्याकडे मान वळवली. "काका, तुम्हीच सांगा, तिकडं तर सगळं ग्रॅममध्येच असतं ना?"

परदेशात राहणाऱ्या माणसाला घरच्या भांडणात पंच नेमायची आपल्याकडे रीतच आहे. रस्त्यातल्या खड्ड्यांपासून पोरांच्या शाळेपर्यंत कुठल्याही वादात 'तिकडं कसं असतं' हा प्रश्न आला की समजायचं, कुणाला तरी कुणाचं तरी तोंड बंद करायचंय. पुतणीला माझ्याकडून ऐकायचं होतं की जर्मनीत वाटी-बिटी कुणी ओळखत नाही. आईला ऐकायचं होतं की म्हणूनच तिकडच्या जेवणाला चव नसते. मला दोन्ही म्हणता येईना. फोनवर नीट सांगताही आलं नाही, म्हणून हा लिहायचा उद्योग.

आधी इकडचं सांगतो. जर्मन पाककृती ग्रॅममध्ये असतात, हे खरं. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, असं सरळ चालतं. अंडंसुद्धा मापाचं, 'एम' लिहिलेलं अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं. मैद्याच्या पुड्यावर 'टाइप ४०५' असा एक आकडा छापलेला असतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, कंपनीचा काहीतरी नंबर असेल. मग कळलं की १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा आहे. कोंडा जास्त तर राख जास्त, म्हणून कणकेचा आकडा मोठा आणि मैद्याचा लहान. पीठ जाळून राख मोजणाऱ्या लोकांना वाटीभर आणि चमचाभर काय सांगणार, असं म्हणून मी गप्प बसलो होतो.

पण त्याच पाककृतीत खाली उतरलं की 'एक प्रीजे मीठ' येतं. प्रीजे म्हणजे चिमूट. वेलदोड्याची किंवा दालचिनीची पूड 'मेसरश्पिट्से' घ्यायची असते, म्हणजे सुरीच्या टोकावर राहील तेवढी. चमच्याचं माप असेल तर सपाट की शिगेचा, तेही लिहितात. बेकिंग पावडर तर पुडीनं. अर्धा किलो पिठाला एक पुडी. म्हणजे राख मोजणाऱ्यांनाही शीग आणि चिमूट सुटलेली नाही.

इथं संसार मांडला त्या पहिल्या आठवड्यात घेतलेलं मापाचं भांडं अजून माझ्याकडे आहे. त्याला 'मेसबेशर' म्हणतात. प्लास्टिकचं, कानाचं, आता पिवळट पडलेलं. त्याच्या पोटावर चार-पाच पट्ट्या शेजारी-शेजारी छापल्यात. एक मिलिलिटरची, मग साखरेची, मैद्याची, तांदळाची, रव्याची, आणि या सगळ्या ग्रॅममध्ये. पाणी जिथं अर्ध्या लिटरला टेकतं, तिथं मैद्याच्या पट्टीवर तीनशेच्या आसपास आकडा आहे आणि साखरेच्या पट्टीवर चारशेच्या वर. म्हणजे ओतायचं मापानं आणि वाचायचं वजनानं. इथल्या कितीतरी घरांत हे भांडं असतं. आईला ते फोनवर दाखवलं तेव्हा तिनं क्षणभर निरखलं आणि म्हणाली, "मापटंच की रे ते. रेघा मारलेलं."

ती बरोबर म्हणाली, आणि मापट्याचा विषय निघाला तर मला थोडं मागं जायला हवं.

मिरज तालुक्यातल्या आमच्या गावाकडं आजोबा शाळूची रास मोजायचे, ते मला पुसटसं आठवतं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. माप सपाट करायचं नाही, शीग लावायची. धान्य आपणहून घरंगळायला लागलं की भरलं. कुणाला द्यायचं असेल तर शीग जरा जास्तच. शेर वजनाचाही होता, ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशोबानं ९३३ ग्रॅम. पण रास मोजायचा शेर वेगळा आणि तो गावागणिक बदलायचा. १९५६ च्या कायद्यानं आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आलेल्या किलोनं बाजारातली ही सगळी मंडळी निकालात काढली. आजोबा मात्र घरच्या खळ्यावर त्यानंतरही पायलीच धरून बसले होते. (सांगलीकरांना उगाच हसू नका. पूर आला की आम्ही अजून कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर फुटांतच पाणी मोजतो. ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ चे ५७ तर लहान पोरांनाही पाठ आहेत. मीटरमध्ये सांगितलं तर सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की नाही, हे कुणाला कळणार नाही.)

धान्य मापानं मोजण्यात अडाणीपणा काहीच नव्हता. दाणा दाबला जात नाही. तांदूळ असो, हरभऱ्याची डाळ असो, मापात भरला की आज-उद्या साधारण तेवढाच बसतो आणि सगळ्या डाळींचं-तांदळाचं वजन मापाला जवळजवळ सारखं येतं. म्हणून चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची असं सांगितलं तरी बिघडत नाही. काट्यावर ४००-२००-१०० ग्रॅम घेतलं तरी भाजणी तीच होते. मी करून बघितलंय.

पिठाची गोष्ट निराळी. गिरणीतून गरम आलेलं पीठ फुगलेलं असतं, दोन दिवस डब्यात राहिलं की बसतं. पुतणीनं मला एकदा तिच्या काट्यावर दाखवलं होतं: मैदा चमच्यानं हलकेच कपात भरून वर सुरी फिरवली तर १२० ग्रॅम, आणि तोच कप पुड्यात खुपसून काढला तर १५० च्या पुढं. कप तोच, मैदा तोच, आणि फरक पाव कपाचा. केकमध्ये हा फरक पडला तर केकची वीट होते. माझ्या मते वाटी आणि काटा यांच्यातलं अर्धं भांडण इथंच मिटतं. आपला स्वयंपाक दाण्यापासून सुरू होतो, यांचा पिठापासून.

आता त्या 'कप'विषयी. मराठीत पाककृती सांगणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत वाटी सोडून कप धरलाय, त्याचा मला मनापासून राग आहे. हा कप अमेरिकेचा. १८९६ साली बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी सुरीनं सपाट केलेल्या कपाचा आणि चमच्याचा आग्रह धरला आणि ती पद्धत तिथं पक्की बसली. त्यांच्यापुरतं ठीक आहे. पण तो रूढ कप २३६.६ मिलिलिटरचा, त्यांच्याच पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यात २४० चा, ऑस्ट्रेलियात २५० चा, जपानात २०० चा, आणि राइस कुकरबरोबर जो कप येतो तो १८० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. पुतणीकडं मापाच्या कपांचे दोन संच आहेत, त्यातला एक २४० चा निघाला आणि एक २५० चा. आपण वजनाइतके पक्के आहोत, असा आव आणायचा आणि असायचं मात्र शेवटी मापटंच, हा कपाचा दोष. वाटी निदान तसला आव आणत नाही.

कारण वाटी किती मोठी, हे कुणी कधी सांगितलेलंच नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, तेही वाटी-चमच्याच्या मापांनी. कमलाबाई सांगलीच्या, त्यामुळे आमच्याकडं त्या पुस्तकाचा उल्लेख नात्यातल्या बाईसारखा होतो. लाखावर प्रती गेल्या त्या पुस्तकाच्या, आणि प्रत्येक घरातली वाटी वेगळी. तरी लोकांचे पदार्थ झालेच ना? झाले, कारण तुपाची, साखरेची आणि दुधाची वाटी एकच असली म्हणजे पुरे. तुमची वाटी लहान असेल तर शंकरपाळी कमी होतील, बिघडणार नाहीत. वाटीनं आकडा सांगितलेलाच नसतो. एकास एक, एकास दोन, एवढंच सांगितलेलं असतं.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या इथल्या घरात दोन वाट्या होत्या. एक माझ्या सामानातून सांगलीहून आलेली, दुसरी बायकोच्या माहेरची, साताऱ्याची. बघायला सारख्याच, स्टीलच्या, गोल बुडाच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मोठ्या हौसेनं शंकरपाळी करायला घेतली. साखर सांगलीच्या वाटीनं घेतली, आणि ती वाटी चिकट झाली म्हणून तूप साताऱ्याच्या वाटीनं. मैदा मावेल तेवढा घातला, गोळा छान झाला, कातण्यानं कापली, तेलात सोडली. एखादा अनारसा हसतो तशी ती हसली. कडा विरघळत गेल्या आणि कढईत तुपाळ गाळ राहिला. झाऱ्यानं तो काढताना बायको मागं उभी राहून म्हणाली, "तुमच्या सांगलीची शंकरपाळी अशी चमच्यानं खातात का?"

नंतर पाणी भरून दोन्ही वाट्या तोलल्या. साताऱ्याची वाटी १९० ग्रॅम पाण्याची निघाली, सांगलीची दीडशेच्या आतली. साखरेच्या मानानं तूप पाव वाटीहून जास्तच गेलं होतं.

मग मी काट्याचा भक्त झालो, असं वाटेल तुम्हाला. काही दिवस झालोही होतो. शंकरपाळीचं सगळं तोलून वहीत लिहिलं: तूप १३५ ग्रॅम, साखर १२५, दूध १५०. मैदा घालत गेलो तसतसा तोही तोलत गेलो. टाइप ४०५ चा मैदा गोळा धरायला ४३० ग्रॅम लागला. यंदा पुतणीनं सांगलीत तेच आकडे घेऊन केलं, तर तिथल्या मैद्याचे ३९५ ग्रॅमच पुरे झाले. तूप तेच, साखर तीच, काटे दोन्ही बरोबर, आणि मैद्यात ३५ ग्रॅमचा फरक. एक मैदा जास्त ओल धरतो, दुसरा कमी. कणकेचं तर याहून ठळक आहे. दगडी गिरणीत दळताना पिठातले स्टार्चचे कण जास्त तुटतात आणि असं पीठ जास्त पाणी पितं. म्हणून आईच्या हिशोबानं पाणी घातलं की इथल्या पिठाची कणीक सैल होते. तांदळाचं तसंच, नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त, आणि हे काट्याला दिसत नाही. 'मावेल तेवढा' म्हणजे आळशी बाईचं उत्तर नाही. सगळ्यात लहरी जिन्नस शेवटाला ठेवायचा आणि गोळ्यालाच विचारून घालायचा, अशी ती युक्ती आहे. आईनं मैद्याला विचारायला सांगितलं होतं, ते चेष्टेनं नव्हतं.

बरं, आई काट्याच्या विरोधात आहे असं समजू नका. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीचा घाट घातला की तीच बाई डब्यातून एक चौघडीचा कागद काढते. तेलाचे डाग पडून पारदर्शक झालेला. त्यावर मिरची किलोत लिहिलीय, बेडगी किती आणि लवंगी किती ते वेगवेगळं. खोबरं, धणे, तीळ पाव-अर्ध्या किलोत. लवंग, दालचिनी, दगडफूल तोळ्यांत. आता दुकानदार तोळ्याला १० ग्रॅम धरून देतो, हे तिला माहीत आहे आणि मान्यही नाही. गणपती पेठेतून सगळं तोलून येतं, तळून-भाजून डंकावर जातं. तिथं वाटी कुणी काढत नाही. मिरची वाटीनं मोजून दाखवा म्हटलं तर आचारीसुद्धा हसेल.

एरवी वाटी, मग चटणीलाच काटा का, हे मला तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. ते सुचलं आमच्या शेजारच्या आजीबाईंमुळे. पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत, अस्सल श्वाबियन, म्हणजे याच भागातल्या, जिन्यात चप्पल वाजली तरी टोकणाऱ्या. डिसेंबर लागला की त्या नाताळची बिस्किटं करतात. त्यांना इकडं 'गुट्सले' म्हणतात. दहा-बारा प्रकार, आणि प्रत्येकाला काटा. चिठ्ठीवर लिहिलेल्या आकड्याच्या वर दोन ग्रॅम साखर पडली तर चमच्यानं परत काढतात. मी डोळ्यांनी बघितलंय. याच बाईंकडं मी एकदा श्पेत्सले शिकायला गेलो. श्पेत्सले म्हणजे पीठ आणि अंड्यांच्या ओल्या शेवयांसारखा इथला रोजचा प्रकार. मी वही काढली. त्यांनी भांड्यात पीठ ओतलं, अंडी फोडली, नळाखाली भांडं धरून पाणी घेतलं आणि लाकडी चमच्यानं घोटायला लागल्या. "पाणी किती?" तर म्हणाल्या, "बुडबुडे फुटायला लागेपर्यंत." काटा कुठाय म्हणून मी इकडं-तिकडं बघितलं. तो कपाटात वर होता, नाताळच्या साच्यांबरोबर.

मला तिथंच हसू आलं. बुडबुडे फुटेपर्यंत आणि मावेल तेवढा, या दोघी बायका एका ओट्यावर सहज नांदल्या असत्या. दोघींचाही काटा वर्षातून एकदा खाली येतो, कारण जे वर्षातून एकदा होतं ते हात विसरतो. रोजचं काय विसरायचंय? आईला भाकरीच्या पिठात पाणी किती, असं विचारून बघा. तिला प्रश्नच कळणार नाही.

आणि इथं राहणाऱ्या आमच्यासारख्यांची गोची नेमकी हीच आहे. तिकडं जे रोजचं होतं ते इकडं येऊन वर्षाचं झालं. शाळूची भाकरी महिन्यातून एकदा, पुरणपोळी होळीला आणि कुणी पाहुणे आले तर, भरली वांगी तशी वांगी मिळाली तर. कृष्णाकाठच्या वांग्यांची आठवण काढत इथलं जांभळं, रबरासारखं वांगं कापतो आपण. हातानं जे शिकायचं ते शिकायला रोज चार घास चुकवावे लागतात, तेवढी संधीच मिळत नाही. म्हणून आम्ही ग्रॅम मागतो. त्यात शास्त्रीय दृष्टिकोन वगैरे काही नसतो. आमच्या मंडळातल्या बायका आईचे अंदाज किती अचूक असायचे, याच्या कौतुकाच्या गोष्टी सांगतात तेव्हाही त्यांच्या पर्समधल्या चिठ्ठीवर '२५० ग्रॅम रवा' लिहिलेलंच असतं. चिठ्ठी लपवायचं काही कारण नाही, असं मला वाटतं.

मिठाच्या बाबतीत तर मी आता काट्याशिवाय हलत नाही. दोन वर्षांपूर्वी कैऱ्या मिळाल्या, लोणचं घातलं. आईचं माप: आठ वाट्या फोडींना एक वाटी मीठ. तिचं मीठ खड्याचं. माझ्याकडं बारीक मीठ होतं, मी तेच वाटीभर घातलं. लोणचं इतकं खारट झालं की वर्षभर तेच वरणात कालवून, मिठाऐवजी, संपवलं. नंतर तोललं तेव्हा उलगडलं. त्याच मापात खडे मीठ दीडशे ग्रॅमच्या आत बसतं, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. बारीक मीठ पावणेदोनशेच्या वर जातं. मीठ सांगताना तरी वजन सांगा, किंवा मीठ कुठलं ते सांगा, एवढी माझी घरच्यांना विनंती आहे. फोडी वाटीनं मोजा, खुशाल.

उलट सोडा, हिंग, हळद यांना काटा लावू नये. घरगुती काटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही. अर्धा चमचा सोडा म्हणजे दोन-अडीच ग्रॅम. त्यात काटा एकानं चुकला तर निम्मा हिशोब गेला. तिथं चमचाच खरा. पुतणीनं ढोकळ्याला दोन ग्रॅम सोडा तोलायचा हट्ट धरला होता, काटा शून्यावरच बसला, तिनं आणखी घातला, आणि ढोकळा साबणासारखा लागला. आईनं त्यावर काही म्हटलं नाही. नुसती वाटी पुसून फडताळात ठेवली, असं भाऊ सांगत होता.

पुतणीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ती विकणार आहे. पाकिटावर वजन लिहावं लागणार, दर आठवड्याला तीच चव द्यावी लागणार, आणि उद्या मदतीला बाई ठेवली तर तिला 'मावेल तेवढा' सांगून भागणार नाही. तिनं तिच्या मैद्याचे ३९५ लिहून ठेवावेत, हेच शहाणपणाचं. मात्र मैद्याचा पुडा बदलला की तो आकडा खोडायची तयारी हवी. वजनाचं नाव काढलं की आमच्या भागात विश्वास वाटतोच असंही नाही. ज्या जिल्ह्यात उसाच्या गाडीवरून 'काटामारी' हा शब्द बोलीत रुळला, तिथं काटा म्हणजे सत्य, असं कोण म्हणेल? 'मापात पाप' म्हणणारेही आपणच. पण नवी सून घरात येते ती उंबऱ्यावरचं माप ओलांडून. तिथं कुणी तराजू मांडत नाही.

माझ्या सामानातून आलेली सांगलीची वाटी एका गणपतीत प्रसादाबरोबर कुणाच्या तरी घरी गेली, ती गेलीच. म्हणून यंदा मे महिन्यात गेलो तेव्हा आईकडं तिचीच वाटी मागितली. ती शंकरपाळीची वाटी निराळी आहे. काठाला एक पोचा, आणि बाहेरून ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं: मामांकडून सप्रेम भेट, पुढं १९७८. लग्नातली आहे. आतून इतकी घासली गेलीय की चकाकी जाऊन ती राखाडी दिसते. आई म्हणाली, "ती न्हेऊ नको. मग मी काय वापरू?" तिच्या फडताळात अशा वीस वाट्या आहेत, हे मी दाखवलं. "त्या खायच्या," ती म्हणाली.

तेव्हा मी पुतणीचा काटा मागून घेतला, वाटी त्यावर ठेवून शून्य केला आणि काठोकाठ पाणी भरलं. १४८ ग्रॅम. पोच्यापाशी पाणी सांडत होतं, म्हणून आई दोनदा म्हणाली, "एवढं भरत नाही मी." तिला हवी तेवढी तिनंच भरून दाखवली. १४१.

इथं येऊन मोहरीच्या सॉसचा एक रिकामा काचेचा ग्लास घेतला. इथं हा सॉस ग्लासातही विकतात, संपला की तो ग्लास घरात वापरायचा. त्यात १४१ ग्रॅम पाणी तोललं आणि बाहेरून मार्करनं रेघ मारली. दिवाळीत, फोन ठेवल्यावर, त्याच रेघेनं तूप, साखर आणि दूध घेतलं, मैदा मावेल तेवढा घातला. शंकरपाळी चांगली झाली. शेजारच्या आजीबाईंना ताटलीभर दिली, त्यांनी ग्रॅम विचारले, मी लिहून दिले, मैद्यापुढं '४०० ते ४३०' असं. हे त्यांना पटलं नाही, नेमका आकडा सांगा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो ग्लास डिशवॉशरमधून बाहेर आला तो स्वच्छ, रेघेशिवाय. मी तो उजेडात धरून बघत होतो. बायकोनं काही न बोलता साताऱ्याची वाटी माझ्यापुढं सरकवली.

"सगळंच हिनं घे या वेळी," ती म्हणाली.